बुडाशी चिकटवलेलं नाव

आमच्या घरात वाटणीचा एकच कायदा होता आणि तो आईने केला होता: वस्तू उलटी करायची, बुडाशी कुणाचं नाव आहे ते बघायचं आणि गप्प बसायचं.

हा कायदा आजीच्या मरणातून निघाला. आजी गेली तेव्हा आईच्या दोन थोरल्या बहिणी एका भिंतीवरच्या घड्याळावरून हमरीतुमरीवर आल्या. शेवटी एकीने घड्याळ नेलं आणि दुसरीने त्याची किल्ली. दोघी मेल्या तरी ते घड्याळ कुणी चालू पाहिलं नाही. आईने ते बघून ठरवलं की आपल्या माघारी असला तमाशा नको. ज्याला जे हवं त्याने आधीच त्याच्या बुडाशी आपलं नाव चिकटवावं. एकाच वस्तूवर दोघांनी हक्क सांगितला तर आई स्वतःच्या हाताने नाव लिहील, आणि आईचं अक्षर सगळ्यांच्या वर. मी, माझी थोरली बहीण झेला आणि धाकटा भाऊ वॉर्ड, तिघांनीही जेवणाच्या टेबलावर मान हलवून हे कबूल केलं होतं.

मला घरातलं काहीच नको होतं. एक सोडून. पाहुण्यांच्या खोलीतला तोंड धुण्याचा संच.

आमचं गाव नदीकाठचं, चिनी मातीच्या भट्ट्यांचं. निम्म्या ओहायोच्या टेबलांवरच्या बश्या आमच्या गावातून गेलेल्या. आई लग्नाआधी सहा वर्षं कारखान्याच्या फुलं लावायच्या खोलीत होती. तिथली मुलगी लग्न करून निघाली की तिला कोऱ्या पांढऱ्या भांड्यांचा एक संच मिळायचा, कुठे ना कुठे खोट असलेला, आणि तो तिने जेवणाच्या सुट्टीत स्वतःच सजवायचा. आईने आपल्या संचावर रानगुलाब लावले. मोठा जग, हाततोंड धुवायचं रुंद तस्त, गरम पाण्याचा छोटा जग, साबणाची डबी, दात घासायच्या ब्रशांचा उभा पेला, दाढीचा मग आणि रात्री खाटेखाली ठेवायचं झाकणाचं भांडं. सात वस्तू, सगळ्यांना सोनेरी कड. मोठ्या जगावरचा एक गुलाब उलटा लागला होता. "त्या दिवशी तुझा बाप खिडकीतून डोकावला होता," असं आई सांगायची आणि सांगताना लाजायची.

ती फुलं काही रंगवलेली नसतात. ती कागदावर छापून येतात. भांड्याला चिकट वार्निश लावायचं, कागद पालथा घालायचा, म्हणजे फुलाची बाजू खाली आणि कोरी पाठ वर, आणि घासून घासून बसवायचा. मग ओल्या स्पंजाने कागद धुऊन काढायचा. कागद जातो, फूल राहतं. आईने हे सहा वर्षांत किती हजार वेळा केलं असेल, देव जाणे.

इतका जपलेला संच, पण वापरायचं कोण? वर्षातून दोनदा येणारे उपदेशक. ते त्या तस्तात आपली दाढी भिजवायचे आणि आम्ही पोरं स्वयंपाकघरातल्या पंपाखाली पत्र्याच्या घमेल्यात तोंडं विसळायचो. त्या खोलीत डोकावलं तरी आईची चापट बसायची.

झेला लग्न करून क्लीव्हलँडला गेली, वॉर्डने बायको आणून अंगणापलीकडे घर बांधलं. मी राहिले. मी कारखान्यात माल तपासायला होते. एक एक भांडं उचलायचं, नखाने टिचकी मारून आवाज ऐकायचा, उलटं करून बूड बघायचं आणि पुढे सरकवायचं. एकोणीस वर्षं मी भांड्यांची बुडं बघितली. हे मुद्दाम सांगून ठेवते.

मग आईला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. तोंडातून फक्त "ना, ना" एवढंच निघायचं, हो म्हणायचं असलं तरी "ना"च. डॉक्टरांनी डाव्या हातात पेन्सिल देऊन लिहून बघायला सांगितलं. कोंबडीने उकिरडा उकरावा तसल्या चार रेघा उमटल्या. डॉक्टर म्हणाले, लिहिणं आता विसरा. मी कारखाना सोडला, आईला तळमजल्यावरच्या पाहुण्यांच्या खोलीत आणलं आणि तो संच वापरायला काढला. रोज सकाळी चुलीवरचं गरम पाणी छोट्या जगात भरायचं, तस्तात ओतायचं आणि आईला नखशिखांत पुसून काढायचं. अंगाला खाटेचे व्रण पडू नयेत म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं, सगळं उकळत्या पाण्याने आणि सोड्याने धुवा. मी धुवायचे. आणि धुतलं की आईच्या खुर्चीशेजारी, टॉवेल अंथरून, सगळी भांडी निथळायला पालथी घालायचे.

झेला दर ऑगस्टला पंधरा दिवस यायची. हॅट घालून यायची आणि जाईपर्यंत नाकाने कांदे सोलायची.

"अय्या ऑर्फे, या चांगल्या संचात तू आजारपण काढतेस?" आल्या आल्या तिने विचारलं.

"मग कशात काढू? तुझ्या हॅटमध्ये?"

"तसं नव्हे गं. शहरात आता या जुन्या संचांना काय भाव आलाय! लोक दिवाणखान्यात मांडतात. मोठ्या जगात नेच्याची रोपं लावतात."

दुसऱ्या दिवशी ती औषधाच्या दुकानातून पांढरी चिकटपट्टी घेऊन आली. पर्समधून जांभळी पेन्सिल काढली, पाणी लागलं की जिचं अक्षर आणखी गडद होतं ती. टॉवेलवर पालथी घातलेली भांडी समोरच होती. मी आईला सूप भरवत होते आणि झेला एकेकाच्या बुडाशी 'झेला' लावत चालली होती.

"लावून ठेवते हं. मागाहून भानगड नको," ती म्हणाली.

"लाव की. तुझा हात कुणी धरलाय?"

"तू कशावर लावलंस तुझं नाव?"

"मी कशाला लावू? आईला सगळं ठाऊक आहे."

"आई काय सांगणार आता?" झेला हसली. तेवढ्यात आईने डाव्या हाताने खुर्चीचा हात बडवायला सुरुवात केली. "ना! ना! ना!" सूप माझ्या ॲप्रनवर सांडलं.

"बघ, किती खूश झाली!" झेला म्हणाली आणि तिने आईच्या कपाळाचा मुका घेतला.

शेवटी खाटेखालचं झाकणाचं भांडं राहिलं. झेलाने त्याच्याकडे पाहिलं, पट्टी परत गुंडाळली. "ते असू दे तुलाच. तुला सवय आहे."

मला बोलता आलं असतं. आई खूश नाही, ती चिडली आहे, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण मी ॲप्रनवरचं सूप पुसत राहिले. झेला गेल्यावर वॉर्ड कुंपणावरून मला म्हणाला, "ऑर्फा, तूही एक पट्टी चिकटव ना. दोन नावं झाली की आईकडे निवाडा जाईल. एका पट्टीने काय झिजणार आहेस तू?"

"मागून घेतलं तर ते दिलेलं नव्हे, वॉर्ड."

"आई देणार कशी पण? ती लिहू शकत नाही."

"मग नको मला."

असा माझा स्वभाव. आईवरच गेलेला, असं सगळे म्हणायचे. दोन वर्षं मी तिचं हगणं-मुतणं काढत होते आणि त्या बदल्यात मला एवढंच हवं होतं की तिने एकदा, स्वतःहून, माझं नाव काढावं. संचाला घेऊन मी काय करणार होते? नेचे लावणार होते? मला ते नाव हवं होतं.

सप्टेंबरात लापशीचा खेळ सुरू झाला. आईला सकाळी ओटची लापशी असायची. एक दिवस मी स्वयंपाकघरातून परत आले तर पालथ्या तस्ताच्या बुडावर लापशी फासलेली आणि त्यात कागदाचा एक कोरा कपटा. म्हटलं, सांडली असेल. दुसऱ्या दिवशी साबणाच्या डबीवर. तिसऱ्या दिवशी पुन्हा तस्तावर, आणि नेमकी झेलाच्या पट्टीवर. बियाण्यांच्या कॅटलॉगाचे कोरे समास फाटलेले दिसले तेव्हा माझ्या लक्षात आलं की आई कागद फाडते आणि लापशीत कालवते. म्हातारं माणूस पोर होतं म्हणतात, तसं झालं म्हटलं.

पहिले काही दिवस मी हसले. मग हसू संपलं. ओटची लापशी वाळली की चुन्यासारखी धरते. ती सोड्याच्या पाण्यात भिजवायची, सुरीच्या पाठीने खरवडायची आणि खरवडताना झेलाची पट्टी मात्र जपायची. पट्टी निघाली असती तर झेलाने गावभर केलं असतं की ऑर्फाने माझं नाव उपटून काढलं. तिची जांभळी अक्षरं रोजच्या धुण्याने आणखी गडद होत होती. आणि मी रोज ती लापशी, तो कोरा कागद, घासून स्वच्छ करत होते. एकोणीस वर्षं माल तपासणारी बाई मी, पण कागदाची दुसरी बाजू बघायचं मला सुचलं नाही.

हे धुणं चालू असताना आई माझ्याकडे टक लावून बघत बसायची. धुतलेलं तस्त मी पालथं घातलं की ती मान लांब करून त्याचं बूड निरखायची. काहीतरी उरलंय का ते बघत असावी. मग डोळे मिटायची.

जानेवारीत मोठा पूर आला. खालच्या गल्ल्यांत होड्या फिरल्या, पंपाला गढूळ पाणी आलं, आणि एका बादलीसाठी मला टेकडीवरच्या झऱ्यापर्यंत जावं लागायचं. पाणी जपून वापरावं लागत होतं आणि लापशी काही थांबत नव्हती. मार्चमध्ये एक दिवस मी बादल्या घेऊन दारातून आत आले तर आईच्या मुठीत लापशी, आणि आई ती तस्ताच्या बुडावर अंगठ्याने घासून घासून बसवत होती. मन लावून. जीभ बाहेर काढून.

"किती छळशील गं?" मी ओरडले. "दोन वर्षं झाली! तुझ्या घाणीतून हात वर निघत नाहीत माझे, आणि वर हा उद्योग? झेलाच्या घरी करून बघ असलं, दुसऱ्या दिवशी बाहेर काढील!"

आणि मी तिच्या हातावर चापट मारली. हळू नव्हे. तिच्या चांगल्या हातावर, डाव्या.

आई "ना" सुद्धा म्हणाली नाही. हात मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत राहिली. तिच्या बोटांमधून लापशी तिच्या झग्यावर गळत होती. मी ती पुसली, तस्त धुतलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. स्वतःसाठी रडले, हेही सांगून टाकते.

त्या दिवसानंतर भांड्यांवर लापशी दिसली नाही. मला वाटलं, चला, चापट लागू पडली.

मे महिन्यात आई गेली. सकाळी मी गरम पाणी घेऊन गेले तेव्हा ती थंड होती. योस्टबाई शेजारून आल्या आणि आम्ही दोघींनी त्याच पाण्याने, त्याच तस्तात, तिला शेवटचं पुसलं.

दफन झालं. शेजाऱ्यांनी आणलेलं हॅम आणि बटाट्याचं सॅलड खाऊन झालं, माणसं पांगली आणि वॉर्डने वाटणीला हात घातला. तो वस्तू उलटी करायचा आणि वाचायचा. दिवा, वॉर्ड. रजयांची पेटी, झेला. शिवणयंत्र, वॉर्डची बायको. मग तो संच मांडलेल्या वॉशस्टँडपाशी आला. मी पुढे सरकून उभी राहिले. कशासाठी, ते मला विचारू नका. झेलाने बुडाशी काय लावलंय ते मी रोज धूत होते. तरी मी वाट बघत होते.

"मोठा जग, झेला. तस्त, झेला. छोटा जग, झेला. साबणाची डबी, झेला. दाढीचा मग, झेला." वॉर्ड थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं. "झाकणाच्या भांड्यावर नाव नाही."

"ते घरालाच राहू दे," झेला रुमालाने डोळे टिपत म्हणाली. "आणि ऑर्फे, मनात काही ठेवू नकोस हं. कायदा आईचाच होता."

"मी कुठे काय म्हटलं?"

"तुझं तोंड म्हणतंय."

तिने एकेक वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळली. तिच्या नवऱ्याने खोकी मोटारीत ठेवली. दुपारी दोनला ती गेली आणि वॉशस्टँडवर टॉवेल तेवढा राहिला.

ब्रशांचा पेला सगळ्यांच्या नजरेतून सुटला होता. आईचे दात झटक्याच्या आधीच काढलेले, तेव्हा ब्रश कुठले? तो पेला खिडकीच्या कट्ट्यावर, तिच्या डाव्या हाताशी असायचा. त्यात तापमापक, एक चमचा आणि प्रार्थनेच्या पुस्तकातली बुटकी पेन्सिल. सबंध संचात मी कधी न धुतलेली तेवढी एकच वस्तू. आठवड्याने खोली आवरताना मी तो उचलला, आतलं सामान ओतलं आणि सवयीने उलटा केला.

बुडाशी लापशी होती. वाळून कडक झालेली, कडेकडेने नीट घासून बसवलेली. आणि तिच्यावर कागदाची कोरी पाठ.

मी सुरीचं टोक कडेखाली घातलं. कागद सबंध निघून आला. मी तो पालथा केला.

वेडीवाकडी अक्षरं होती. एकेक अक्षर दुसऱ्याच्या अंगावर पडलेलं, पण वाचता येत होतं. 'सगळा संच ऑर्फाचा. आई.' आणि खाली, आणखी बारीक: 'धुऊ नकोस.'

मी त्या खुर्चीत बसले. सप्टेंबरपासून मार्चपर्यंत तिने माझं नाव लिहिलं होतं. डॉक्टरांनी विसरा म्हटलेलं लिहिणं, डाव्या हाताने, मी पाणी आणायला गेले की. आणि सहा वर्षं हाताला जी सवय लागली होती त्या सवयीने, कागद पालथा घालून बसवला होता. छाप खाली, कोरी पाठ वर. कागद धुतला की नाव राहील, असं तिच्या मोडलेल्या डोक्याला वाटत असेल. राहत नव्हतं. शेवटी चापट खाल्ल्यावर तिने एक वस्तू शोधून काढली, जी मी धूत नाही. मला तो कागद हातात का दिला नाहीस गं, असं मी त्या रिकाम्या खोलीत मोठ्याने विचारलं. पण उत्तर मला माहीत होतं. ती माझीच आई. बुडाशी म्हणजे बुडाशी.

मी वॉर्डला दाखवलं नाही. दाखवायचं तर लापशी सांगावी लागली असती, आणि लापशी सांगायची तर चापट.

जूनअखेर झेलाचं पत्र आलं. 'संच दिवाणखान्यात फार शोभतो. पण ब्रशांचा पेला तिकडेच राहिला की गं. शेजारीण म्हणते, त्याच्यावाचून संच बोळका दिसतो. तुला त्या एकट्या पेल्याचा काय उपयोग? पाठवून दे ना.'

दोन दिवस मी तो पेला टेबलावर ठेवून बघत बसले. आजीच्या घड्याळाची आठवण झाली. मग मी कणकेची खळ शिजवली, खरी, घट्ट, आणि आईचा कागद परत बुडाशी लावला. या वेळी अक्षरं वर. आंधळ्यालाही दिसावीत अशी. पेला भुशात नीट बसवला आणि टपालाने पाठवून दिला. पत्रात एक ओळही लिहिली नाही. मी मागणार नव्हते. झेलाने आईचं अक्षर वाचावं आणि स्वतःहून काय ते करावं. अक्षर सगळ्यांच्या वर, असं आम्ही तिघांनी कबूल केलं होतं.

तीन आठवड्यांनी तिचं उत्तर आलं. मी बटाटे सोलत होते. हात पुसून मी ते उभ्या उभ्याच वाचलं.

'पेला सुखरूप पोचला. एक तडासुद्धा नाही. बुडाशी काहीतरी कागदाचा कपटा नि खळ चिकटली होती, मी गरम पाण्यात भिजवून घासून काढली. आता लख्ख आहे. खरं सांगू का ऑर्फे, तुझ्यासारख्या स्वच्छ बाईकडून मला ही अपेक्षा नव्हती.'

मी पत्र घडी करून ॲप्रनच्या खिशात ठेवलं. शिव्या तोंडाशी आल्या होत्या, वॉर्डला हाक मारायला मी दारापर्यंत गेलेही. तिथूनच परत फिरले. झेलाने ते एकदा धुतलं. मी सात महिने रोज धूत होते.